बांधावर धावू नये

आमच्या खारेपाटात पोर चालायला लागलं की त्याला पहिली शिकवण एकच. बांधावर धावायचं नाही. शेतात धाव, अंगणात धाव, गुरांच्या मागे बोंबलत धाव, कोणी विचारणार नाही. बांधावर मात्र पाऊल सावकाश. विसरून एखादं पोर दोन पावलं जरी जोरात गेलं, तरी जो जवळ असेल तो पाठीत धपाटा घालायचा. आपलं पोर की परक्याचं, हे बघायची पद्धत नव्हती.

कारण साधं होतं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला आमची भातशेती, आणि उधाणाच्या वेळी खाडीचं पाणी शेतापेक्षा पुरुषभर उंच. मध्ये काय, तर आमच्याच हातांनी रचलेला चिखलाचा बांध. त्याला भगदाड पडलं की आम्ही म्हणायचो, खांड गेली. एकदा खांड गेली आणि वेळेवर बुजवली नाही, तर त्या वर्षाचं भात तर गेलंच, शिवाय जमीन अशी खारवते की पुढची दोन-तीन वर्षं तिच्यात गवत उगवायची मारामार.

गाव बांधापासून लांब. पावसाळी वाऱ्यात हाक ऐकू यायची नाही. म्हणून खांड गेलेली ज्याला दिसेल त्याने बांधावरून उघाडीपर्यंत धावायचं. उघाडी म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी ओहोटीला खाडीत सोडायची लाकडी झडप. ती जागा गावातल्या प्रत्येक ओटीवरून दिसते. उघाडीपर्यंत धावायचं आणि तिथून फिरून परत खांडीकडे धावायचं. गावात जायचं नाही, सांगत बसायचं नाही. गाव येईपर्यंत खांडीत कोणीतरी उभं राहिलं पाहिजे. बांधावर धावणारा माणूस दिसला की गाव हातातला घास टाकून फावडी, घमेली, पेंढ्याच्या मोळ्या घेऊन निघालंच पाहिजे. गाव करी ते राव न करी म्हणतात, ते आमच्याकडे असं होतं.

बांधाची राखण माझ्या बाबाकडे होती. बाबाला दमा. नांगराला दोन फेरे मारले की तो बांधावर बसून भात्यासारखा वाजायचा. मग गावकीने म्हटलं, तू आपला खाडीच्या तोंडाला खोपटं घालून बस, पाण्यावर नजर ठेव. आई मी लहान असतानाच गेली होती. आम्ही दोघंच. शेजारची काकी दुपारचं दोघांचं जेवण रांधून ठेवायची आणि त्याबद्दल रोज दोन शिव्याही द्यायची.

देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती. शेजारच्या गावात मोठ्या लढाईतून परत आलेला एक हवालदार होता. डाव्या हाताची दोन बोटं तिकडेच ठेवून आलेला, मिशा मात्र शाबूत. त्याने एकदा मला गुरांमागे धावताना बघितलं आणि बाबाला येऊन सांगितलं, "ह्याला फौजेत धाड. अलिबागला निवड होते. छाती आहे, उंची आहे. फक्त लांब पल्ल्याची धाव जमली पाहिजे. तिथेच निम्मी पोरं गळतात."

बाबाने त्या दिवसापासून ध्यासच घेतला. "ह्या चिकलात माजा सगला जलम गेला," म्हणायचा. "तू तरी भायेर पड. मंग मी मराया मोकला." मी चिडायचो. मरणाची भाषा कशाला? पण मलाही बाहेर पडायचं होतं, खोटं कशाला बोलू?

आता धावायचं कुठे? शेतात चिखल, पायवाटेवर काटे, समुद्राची वाळू थेट नागावला. सपाट, घट्ट, लांबच्या लांब जागा एकच. बांध.

पहिल्या दिवशी मी कोणाला न विचारता खोपट्यापासून उघाडीपर्यंत धावलो, फिरलो, परत निघालो. अर्ध्यावर आलो तर समोरून सगळं गाव! फावडी, घमेली, लुगड्याचे काचे मारलेल्या बाया, पेंढ्याच्या मोळ्या. एकजण तर अंगाला साबण तसाच घेऊन. "कुठं गेली खांड?" मी म्हटलं, "खांड न्हाय. मी धावाया शिकतोय." मग जे काही ऐकलं ते लिहिण्यासारखं नाही. काकीने फावड्याचा दांडाच उगारला होता.

संध्याकाळी गावकी बसली. बाबाने हात जोडले. पोराचं भलं होतंय, थोडे महिने सांभाळून घ्या म्हणाला. बरीच वादावादी झाली. शेवटी काकीने विचारलं, "आन खरंच खांड गेली तं?"

गावकीचा म्हातारा पुढारी हसला. "तं ह्यो धावंल ना, पोराचा बा. म्हातारा कोन आन पोरगा कोन, येवडं वळखत न्हाय का आपन?"

सगळे हसले. बाबा धावतोय हे चित्रच हसण्यासारखं होतं. बाबाही हसला आणि हसता हसता त्याला ढास लागली.

मग माझं शिकणं सुरू झालं. हवालदार आठवड्यातून एकदा येऊन खोपट्यापाशी बिडी ओढत बसायचा. मला वाटलं होतं, पाय कसे टाकायचे ते शिकवील. पायांकडे त्याने बघितलंदेखील नाही. "पाय गाढव असतात, हाकले की चालतात," म्हणाला. "दमतं ते डोकं. डोकं म्हणतं बस, म्हणून माणूस बसतो."

त्याने मला दुपारची वेळ नेमून दिली. सगळं गाव जेवायला बसतं ती. "पोट रिकामं, डोक्यावर ऊन, घराघरातून कालवणाचा वास. तेव्हा धाव. पहाटे कोणीही धावतो." पहिले पंधरा दिवस मी उघाडीजवळ आलो की सुक्या बोंबलाच्या वासाने रडकुंडीला यायचो. फौज गेली खड्ड्यात, एक भाकरी द्या, असं व्हायचं. ओटीवर जेवणारी माणसं मान वर करून बघायची. आधी बघायची. मग महिन्याभराने नुसती नजर जायची. मग तीही जाईनाशी झाली. गुरं परतावीत तसा मी रोज दिसायचो.

खरा छळ मधल्या टप्प्याचा. निघताना पाठीशी खोपटं असतं, शेवटी समोर उघाडी असते. मध्ये काही नाही. डावीकडे तीच कांदळं, उजवीकडे तेच शेत. धावतोय तितका धावतो आणि जागचा हलत नाही असं वाटायचं. हवालदाराने आधीच सांगून ठेवलं होतं, "मध्ये तुला एकजण भेटेल. फार गोड बोलेल. त्याच्याशी बोलायचं नाही."

भेटलाच तो. रोज भेटायचा. आमच्याच बोलीत बोलायचा मेला. "बस की रं जरा. कोन बगतंय तुला?" ओरडला असता तर मी त्याला जुमानलं नसतं, पण तो मायेने बोलायचा. पाय दुखतोय का रं, असं विचारायचा, आणि विचारलं की पाय खरंच दुखायचा. मी पहिल्यांदा बसलो ते त्याच्यामुळेच. बसलो आणि इतकं बरं वाटलं की दुसऱ्या दिवशी त्या जागेवर आल्यावर पाय आपोआप वाकले. हवालदाराला न सांगताच कळलं. "जिथे एकदा बसलास, तिथे डोकं रोज चटई अंथरणार," म्हणाला. "आता ती चटई उचलायला महिना लागेल." लागलाच.

युक्त्या शिकवल्या त्याने. उघाडीकडे बघायचं नाही, पावलापुढचा हातभर बांध बघायचा. किती राहिलं हे विचारायचं नाही. राग साठवायचा, पण वाटेत खर्चायचा नाही, शेवटच्या टप्प्याला काढायचा. आणि तोंड बंद. बोलायचं नाही, कोणी बोलवलं तर ऐकायचं नाही. हळूहळू मला असं धावता यायला लागलं की डोक्यात काही नसायचं. नुसता चिखल आणि श्वास. त्या रिकामेपणाची मला चटक लागली, आणि थोडी भीतीही वाटायची. एकदा बाबा खोपट्यातून हाका मारत होता, चहा घे म्हणून. मी त्याच्या समोरून गेलो आणि मला ऐकूच आलं नाही. बाबा नंतर म्हणाला, "तू मला वळखलास पन न्हाय रं." त्याला वाईट वाटलं की कौतुक, मला सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही.

श्रावण संपत आला आणि हवालदार निवडीची बातमी घेऊन आला. घोडामैदान जवळ आलं. दिवस पडला नेमका अमावास्येचा. अमावास्येला मोठं उधाण, आणि आमच्याकडे अमावास्येचं उधाण भर दुपारी चढतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी बाबाला म्हटलं, "उधानाचा दीस हाय. मी थांबतो." बाबा माझ्यावर असा खेकसला की त्याला बोलता येईना. ढास थांबल्यावर म्हणाला, "तू काय बांद धरून ठेवनार हाईस? जा. आन कुनाला सांगू नको. काम व्हायच्या आगोदर बोभाटा झाला का नाट लागते."

म्हणून मी कोणाला सांगितलं नाही. काकीलासुद्धा नाही. आदल्या संध्याकाळी अंधार पडता पडता निघालो आणि अलिबागला एका देवळाच्या ओसरीत पाठ टेकली.

सकाळपासून पावसाची झिम्मड. साहेब उशिरा आला. छात्या मोजल्या, दात बघितले, बैल घेतात तसे. धाव सुरू व्हायला बराच उशीर झाला. थळच्या रस्त्याने जायचं आणि फिरून मैदानात यायचं. मी हातभर रस्ता बघत निघालो. पोरं पहिल्यालाच सुसाट सुटली, वाटेत एकेक करून माडांच्या बुंध्याला टेकलेली दिसायला लागली. फिरल्यावर थोड्या वेळाने तो मधला टप्पा आला. तो भेटला. "बस की रं जरा. कोन बगतंय?"

हवालदाराने बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मी बोललो. मनातल्या मनात म्हटलं, बाबा बघतोय. खोपट्याच्या दारात बसून, हाताचं छप्पर करून बघतोय. तो गप्प झाला. एकदम गप्प. मग साठवलेला सगळा राग काढला आणि मैदानात दुसरा आलो. साहेबाने पाठीवर थाप मारली. मी निवडला गेलो.

बाबा तेव्हा बघत नव्हता.

बाबाला पाव आवडायचा, चहात बुडवून. मी पाव घेतले, फडक्यात बांधले, पोटाशी धरले आणि भिजत घरचा रस्ता धरला. वाटेत बाबाला काय सांगायचं, कसं सांगायचं, याची उजळणी चालली होती. आधी तोंड पाडून जायचं, मग एकदम सांगायचं. गावाजवळ आलो तर आमच्या शेतात पाणी. पावसाचं नव्हे. पावसाचं पाणी गढूळ असतं, हे काळपट होतं, वर फेस. भाताचे नुसते शेंडे दिसत होते. आणि बांधावर सगळं गाव उभं होतं. ओहोटी लागली होती. मी लांबून येताना दिसलो आणि माणसं एकमेकांकडे बघायला लागली. माझ्याकडे कोणी बघेना. काकी पुढे आली. तिने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. पावांचा लगदा झाला होता. ती तो लगदा छातीशी धरून उभी राहिली आणि मग तिने जी किंकाळी फोडली, ती मला अजून ऐकू येते.

बाबा खांडीत सापडला. कमरेपर्यंत चिखलात, दोन्ही हात पेंढ्याच्या मोळीत. मोळी त्याने सोडली नव्हती.

बाराव्याला काकी माझ्यासमोर बसली. तिला कोणी सांग म्हणालं नव्हतं. म्हणाली, "आमी जेवत व्हतो रं. दिसला मला. पावसात नुसता आकार दिसत व्हता. मी ह्यांना म्हनलं, आज पोराचा पाय जड पडतोय. हे म्हनले, पडू दे, फौजेत जायाचंय त्याला." तिने पदराचा बोळा तोंडात धरला, मग काढला. "उगाडीपर्यंत आला, फिरला, गेला. मंग पुन्ना आला. दोनदा धावला रं तो. मी म्हनलं, बाय, आज जास्तच धावतोय."

दोनदा! नांगराच्या दोन फेऱ्यांनी बसणारा माणूस. मधल्या टप्प्यात त्यालाही तो भेटला असणार. बस की रं जरा, म्हणाला असणार. त्याला तर कोणी हवालदार शिकवायला नव्हता. माझी निवडीची धाव आणि बाबाची धाव, या दोन वेळा मी कधी जुळवून बघितल्या नाहीत. बघणारही नाही.

गावाने माझी समजूत घातली. कोणी म्हणालं, नशिबाचे भोग. कोणी म्हणालं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. मी त्या माणसाच्या अंगावर धावून गेलो, चौघांनी धरलं म्हणून तो वाचला. मला गावाचा इतका राग आला होता की भाकरी गिळवेना. वर्षानुवर्षं तुमच्यासाठी खाडीच्या तोंडावर बसला, आणि त्याची चाल तुम्हाला ओळखू येऊ नये? गावकीचा पुढारी त्या दिवसांत माझ्यासमोर आलाच नाही.

फौजेत गेलो. थांबायला होतं काय? शेत खारवलं होतं, खोपटं वाहून गेलं होतं. तिकडे रोज धावावं लागायचं आणि मी रोज पुढे असायचो. उस्ताद माझं उदाहरण द्यायचा. त्याला काय ठाऊक! डोकं रिकामं करायची माझी युक्ती गेली ती गेलीच. मधला टप्पा आला की तो गोडबोल्या आता भेटायचा नाही. त्याच्या जागी माझ्या मागून भात्यासारखा श्वास ऐकू यायचा. मी जोरात धावलो की तोही जोरात. माझ्यापुढे कधी जायचा नाही, आणि मागेही पडायचा नाही. मी धावायचो तो त्या श्वासापासून पळून जायला, आणि तो थांबेल या भीतीने मला थांबताही यायचं नाही. यालाच तिथे दम म्हणायचे.

पहिली सुट्टी मिळाली ती हिवाळ्यात. घरी आलो. बांध बुजवलेला होता, खांडीच्या जागी नवा चिखल वेगळा ओळखू येत होता. शेतात मिठाची पांढरी साय. काकीने ताट वाढलं, सुक्या बोंबलाचं कालवण. पहिला घास हातात घेतला आणि वासाने माझं डोकंच फिरलं. हाच वास. हीच वेळ. असंच ताट पुढे घेऊन हे सगळे बसले होते.

घास ताटात टाकला आणि उठलो. काकी म्हणाली, "कुठं रं?" मी तडक बांध गाठला आणि खोपट्याच्या जागेपासून धावत सुटलो.

त्या दिवशी अष्टमी होती. अष्टमीला पाणी मेलेलं असतं, बांधाच्या पायथ्यालाही लागत नाही. वर ऊन लख्ख, ढग नाही, पाऊस नाही. त्या दिवशी खांड जाईल असं वेडाही म्हणणार नाही. मला तेच पाहिजे होतं. म्हटलं, बसा जेवत. आज चांगलं दिसतंय, बघा कोण आहे ते, आणि बसा जेवत. उघाडीपर्यंत गेलो. गावाकडे न बघता फिरलो. मागे तो श्वास होताच. खांडीच्या जागेवर येऊन थांबलो, गुडघ्यांवर हात ठेवून. तोही थांबला. माझ्यात ओरडण्याइतका राग होता आणि ओरडायला समोर कोणी नव्हतं.

मग पावलं वाजली.

काकी सर्वांत पुढे होती. हाताला भात तसाच, खांद्यावर फावडं. तिच्या मागे तिचा नवरा. त्याच्या मागे बाया, पोरं, पेंढ्याच्या मोळ्या, घमेली. लंगडत लंगडत गावकीचा तो पुढारीही आला, डोक्यावर घमेलं घेऊन. सगळं गाव आलं होतं. कोणी विचारलं नाही, खांड कुठे गेली. कोणी शिवी दिली नाही.

मीच ओरडलो. "आज अष्टमी हाय! पानी न्हाय, काय न्हाय! मी हाय हे दिसत नव्हतं तुमाला?"

काकीला धाप लागली होती. म्हणाली, "दिसत असंल. कोन हाय ते बगत न्हाय बसलो रं. धावताना दिसलं, आलो."

पुढारी बांधावरून खाली खाडीत उतरला. वाकून त्याने चिखलाचा गोळा काढला आणि वरच्या माणसाच्या हातात दिला. त्याने पुढच्याला दिला. रांग धरली गेली. गोळे हातोहात येऊन खांडीच्या जागी पडायला लागले, आणि एकजण ते पायाने दाबत राहिला. बुजवायला तिथे काही नव्हतं. मी मध्येच उभा होतो, रडत होतो, आणि रांग माझ्यापाशी येऊन अडत होती.

काकीने एक गोळा माझ्या हातात ठेवला.

"फुडं दे," म्हणाली.